‘कॅथीड्रल’, ‘किर्क’ आणि एडिनबराची तिवई

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चवर लेख लिहिते आहे. त्याला कुणी कॅथीड्रल म्हणतं, कुणी हाय किर्क (‘किर्क’ म्हणजे स्कॉट भाषेत चर्च). मी कॅथीड्रलला ‘मोठं चर्च’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर: ताई, ‘मोठं’ नको. हा शब्द आकाराचा नाही, आसनाचा आहे. ग्रीक ‘कथेद्रा’ म्हणजे बसायची जागा. बिशपचं, म्हणजे एका प्रदेशातल्या चर्चांच्या प्रमुख धर्मगुरूचं, आसन जिथे ते कॅथीड्रल, मग ते इवलंसं का असेना. आपल्या ‘पीठ’ शब्दाचंही तसंच झालंय. मूळ अर्थ आसन, पण शृंगेरीचं पीठ म्हटल्यावर कुणाला पाट आठवत नाही. म्हणून ‘बिशपपीठाचं चर्च’ लिहा.

सेंट जाइल्सच्या बाबतीत तर या शब्दावरूनच रण पेटलं. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंडने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ धरल्यावर, त्या सुधारणेचे पुढारी जॉन नॉक्स इथून प्रवचनं देत. आतली जागा भिंती घालून वाटली गेली, एकाच छपराखाली वेगवेगळ्या मंडळ्या भजू लागल्या. १६३३ साली पहिल्या चार्ल्स राजाने इथे बिशप आणला आणि या चर्चला कॅथीड्रल केलं. २३ जुलै १६३७ ला राजाने लादलेलं नवं प्रार्थनापुस्तक वाचायला घेताच सभेत गदारोळ उठला. जेनी गेडिस नावाच्या बाईने बसायची तिवईच डीनच्या (कॅथीड्रलच्या मुख्य पाद्र्याच्या) अंगावर भिरकावली, असं परंपरा सांगते. आसनावरून नाव पडलेल्या जागी आसनच फेकलं गेलं! आज तिथे ब्राँझची तिवई ठेवलेली आहे. १६८९ नंतर स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (बिशपऐवजी वडीलधाऱ्यांच्या मंडळांनी चालणाऱ्या) चर्चमध्ये बिशपच उरले नाहीत. नाव तेवढं मागे राहिलं.

प्रश्न: आणि मनोऱ्यावरच्या मुकुटासारख्या रचनेला कळस म्हणू का?

उत्तर: कळस म्हणजे शिखराचं अगदी टोक. इथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या आठ दगडी कमानी आहेत. मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांतून आणि चार बाजूंच्या मधून त्या वर झेपावतात नि मधल्या निमुळत्या शिखराला भिडतात. फटींतून आभाळ दिसतं. मला ‘मुकुटशिखर’ आवडेल.

प्रश्न: किर्क तसंच ठेवू?

उत्तर: ठेवाच. किर्क आणि चर्च एकाच ग्रीक मुळाचे, ‘प्रभूचं’ या अर्थाचे. पण स्कॉटिश माणसासाठी किर्क म्हणजे त्याचं स्वतःचं. मुंबईत लायन गेटजवळ १८१९ साली बांधलेलं सेंट अँड्र्यूज आहे, त्यालाही स्कॉट्स किर्क म्हणतात. लिंग मात्र चर्चसारखंच, ‘ते किर्क’. ‘ती’ नको.