मदत हवी आहे: आतेभावाला टेक्सासमध्ये अटक झाली म्हणतात, कुठल्या जेलमध्ये आहे हे कसं शोधायचं?

रंकाळ्यावरचा | रविवार, रात्री १०:१०

लोकहो, तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो.

माझा आतेभाऊ डॅलसला असतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. त्यांच्याकडच्या शनिवारी रात्री मित्राच्या वाढदिवसाहून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली आणि याला घेऊन गेले. रूममेटचा एवढाच मेसेज आलाय. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले होते. त्यानंतर भावाचा फोन बंद आणि रूममेटही उचलत नाही.

मी गुगलवर 'अरेस्ट रेकॉर्ड' टाकलं. पहिल्याच साइटवर नाव, गाव आणि माझा व्हॉट्सॲप नंबर भरून घेतला. एक हिरवी पट्टी दहा मिनिटं सरकत राहिली, 'गंभीर स्वरूपाची माहिती सापडली आहे' असं आलं आणि मग तीस डॉलर मागितले. अजून भरले नाहीत. मग डॅलस काउंटीच्या जेलचं पान सापडलं. तिथे 'पाटील' टाकून बघितलं, पण जे आले त्यात आमचा नाही.

काउंटी म्हणजे नक्की काय, तालुका की जिल्हा? आणि यादीत नाव नाही म्हणजे अटक झालीच नाही असं धरायचं का? आत्या दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसलीय, जेवलेली नाही. शेजारणीला 'रेंज नाही त्याला' म्हणून सांगितलंय. तिला सांगण्यासारखं काहीतरी द्या.


डेंटनकर | रविवार, रात्री १०:३२

ते तीस डॉलर अजिबात भरू नका. ती खाजगी दुकानं आहेत. सरकारी पानांवर फुकट असलेली माहिती उचलतात, बरेचदा शिळी, आणि विकतात.

काउंटी म्हणजे ढोबळमानानं जिल्हा, पण आकारानं आपल्या तालुक्याच्या जवळचा. एकट्या टेक्सासमध्ये २५४ आहेत. प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, वेगळा, तोही निवडून आलेला, आणि काउंटीचं जेल बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात. अख्ख्या देशाची एक यादी नसते, म्हणून आधी काउंटी पक्की करायला लागते.

आता मुख्य घोळ. 'डॅलसला असतो' हे बदलापूरच्या माणसानं 'मुंबईला असतो' म्हणण्यासारखं आहे. आपली निम्मी मंडळी प्लेनो, फ्रिस्को, अर्विंगला राहतात. अर्विंग डॅलस काउंटीत. प्लेनो जवळपास सगळं कॉलिन काउंटीत, तिचं जेल मॅकिनीला. फ्रिस्को तर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. पश्चिमेकडे पकडलं असेल तर डेंटन, आणि तिचं जेल डेंटन गावात. कुठे राहतो यापेक्षा गाडी कुठे थांबवली ते बघायचं. राहायला एकीकडे आणि पकडलं दुसरीकडे, तर पकडलेल्या जागेची काउंटी.

यादीत नाव नाही याचा अर्थ अटक नाही, असं नसतं. बऱ्याच शहरांत पोलीस आधी स्वतःच्या कोठडीत ठेवतात आणि मग काउंटीकडे पाठवतात. तिथे बोटांचे ठसे, फोटो, सामानाची नोंद, तब्येतीचे प्रश्न, असं सगळं झाल्यावर नाव चढतं. त्याला बुकिंग म्हणतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, काही तास सहज जातात. टेक्सासच्या कायद्यानुसार ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, तिथे जामिनाची रक्कम ठरते. आणि सुटला असेल तर काही काउंट्या नाव काढूनही टाकतात.

तर रूममेटला विचारा: गाडी कुठल्या रस्त्यावर थांबवली आणि पोलीस कुठल्या शहराचे होते? तो उचलत नसेल तर त्या शहराच्या पोलिसांचा बिनतातडीचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतो, तिथे फोन करा. नाव आणि जन्मतारीख सांगितली की आहे-नाही एवढं सांगतात. ९११ भारतातून लागत नाही आणि लागला तरी या कामासाठी नाही.


जर्सीकर | रविवार, रात्री १०:४१

डेंटनकरांशी सहमत. थोडी भर घालतो.

पूर्ण नाव टाकून शोधू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, कारण आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं, ते टाकूच नका. जन्मतारखेत महिना आधी, मग दिवस. ५ ऑगस्टचा ८ मे झाला की गेला शोध वाया.

आणि पासपोर्टवर जे आडनाव आहे तेच ना?

(दुसऱ्या राज्यातलं कुणी हा धागा वाचत असेल तर: कनेक्टिकट, डेलावेअर, र्‍होड आयलंड, व्हरमाँट, हवाई आणि अलास्का इथे जेल (नुकतं पकडलेल्यांसाठी) आणि तुरुंग (शिक्षा झालेल्यांसाठी) दोन्ही राज्य सरकारच चालवतं, काउंटी शोधत बसू नका. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात.)


रंकाळ्यावरचा | रविवार, रात्री ११:२५

सापडला!!

जर्सीकर, तुमच्या शेवटच्या ओळीनं काम केलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, "अरे, पाटील आपलं गावात. दाखल्यावर सावंत आहे की." तीस वर्षं मी त्यांना पाटील म्हणतोय. लग्नपत्रिकेवर पाटील, घराच्या पाटीवर पाटील, त्याच्या फेसबुकवरही पाटील. पासपोर्टवर सावंत.

रूममेटनंही शेवटी उचलला. फ्रिस्को, पश्चिमेची बाजू. डेंटन काउंटीच्या पानावर 'सावं' एवढंच टाकलं आणि नाव समोर. बुकिंग क्रमांक, ताब्यात घेतल्याची वेळ रात्री १:१२, गुन्हा डीडब्ल्यूआय म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, बाँड म्हणजे जामिनाची रक्कम १,५०० डॉलर. १:१२ म्हणजे आपले अकरा बेचाळीस. आत्यानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "तेव्हा मी देवाला फुलं वाहत होते."

आता चहा घेतलाय तिनं.


रंकाळ्यावरचा | सोमवार, रात्री १२:०५

आता वेगळंच झालंय. अमेरिकेच्या नंबरवरून मला व्हॉट्सॲप कॉल आला. 'बेल ऑफिस'मधून, म्हणजे जामिनाच्या ऑफिसातून, बोलतोय म्हणाला. बुकिंग क्रमांक अचूक सांगितला. गुन्हा बरोबर, रक्कम बरोबर. एका तासात दीड हजार डॉलर गिफ्ट कार्डनं भरले नाहीत तर इमिग्रेशनवाले घेऊन जातील म्हणतो. आत्या बांगड्या काढायला निघालीय. माहिती इतकी बरोबर आहे म्हणजे खरा असेल ना? काय करू?


वकीलबाई_ह्यूस्टन | सोमवार, रात्री १२:११

काही भरू नका. त्याचा फोन आला तर उचलू नका.

त्यानं जे सांगितलं ते सगळं तुम्ही पाऊण तासापूर्वी ज्या पानावर वाचलंत त्याच पानावरचं आहे. ते पान तुमच्यासाठी उघडं, तसं त्याच्यासाठीही उघडं. ताज्या बुकिंगची यादी घेऊन नातेवाइकांना गाठणारे भामटे इथे नवे नाहीत. तुमचा नंबर कुठून गेला ते तुम्हीच आठवा, वर हिरव्या पट्टीचं लिहिलंय तुम्ही. कुठलंही जेल किंवा कोर्ट गिफ्ट कार्डावर जामीन घेत नाही.

खरा रस्ता असा. शेरीफच्या अधिकृत पानावरचा जेलचा नंबर तुम्ही स्वतः लावा. बुकिंग क्रमांक सांगा आणि विचारा: बाँड ठरला आहे का, कुठे भरायचा, इमिग्रेशनचा होल्ड, म्हणजे त्यांच्यासाठी अडकवून ठेवण्याची विनंती, आहे का. मग रूममेटनं दोनांपैकी एक करायचं. एक, पूर्ण रक्कम रोख भरायची. भाऊ सगळ्या तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर ती थोडीफार फी कापून परत मिळते. दुसरा रस्ता बाँड्समनचा, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्याचा. तो साधारण दहा टक्के घेतो आणि ते परत मिळत नाहीत. दीड हजारच असतील आणि जमत असेल तर मी रोख म्हणेन.

भावाचा फोन आला तर घटनेबद्दल चकार शब्द नको. किती प्यालास, कुठे होतास, काही विचारू नका. जेलमधले कॉल रेकॉर्ड होतात. तुम्हाला मात्र आत फोन लावता येत नाही, बाहेर लावायचा तो त्यानंच, आणि परदेशी नंबर बरेचदा लागतच नाही. म्हणून सगळं रूममेटमार्फत.

वकील मात्र दोन बाजू जाणणारा हवा. फौजदारी वकील इमिग्रेशन न बघता 'गुन्हा कबूल करून टाक, लवकर मिटेल' म्हणेल, आणि ते व्हिसावर शेकू शकतं. २०१० साली सुप्रीम कोर्टानं पडिला खटल्यात सांगितलंय की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते का हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. शिवाय डीडब्ल्यूआयच्या नुसत्या अटकेवरूनही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो, २०१५ पासून तसं धोरण आहे. त्यानं इथलं वास्तव्य आपोआप संपत नाही, पण एकदा भारतात गेला की परत स्टॅम्पिंगला, म्हणजे नव्या व्हिसासाठी, उभं राहावं लागेल. दिवाळीचं तिकीट काढलं असेल तर आधी वकिलाशी बोलू द्या.


कट्टाप्पा | सोमवार, सकाळी ७:५०

भारतीय दूतावासाला आपोआप कळवतात ना? कुलभूषण जाधवांच्या वेळी हाच मुद्दा होता.


वकीलबाई_ह्यूस्टन | सोमवार, सकाळी ८:२०

मुद्दा तोच: १९६३ चा व्हिएन्ना करार, कलम ३६. त्यावरच २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं. पण अमेरिकेत दूतावासाला सक्तीनं कळवायचं असे देश ठरावीक आहेत आणि त्या यादीत भारत नाही. अटक झालेल्याला तसा हक्क आहे हे सांगायला हवं, आणि तो 'कळवा' म्हणाला तरच कळवतात. टेक्साससाठी ह्यूस्टनचं वाणिज्य दूतावास. घरचेही परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करू शकतात. साध्या डीडब्ल्यूआयला त्याची गरज पडत नाही, दोन-तीन दिवस पत्ताच लागला नाही तर मात्र करावं.

पत्ता न लागण्याचं आणखी एक कारण म्हणजे माणूस इमिग्रेशनच्या ताब्यात असणं. त्यांचं शोधपान वेगळं आहे, नाव आणि जन्मदेश टाकून शोधता येतं, ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशननं दिलेला क्रमांक, असेल तर उत्तम. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगांचं आणखी वेगळं.


जुनं_खातं | सोमवार, सकाळी ९:१५

धागा थोडा पळवतो, माफ करा. माझी २०११ ची अटक आहे, कॉलिन काउंटीतच, खटला रद्द झाला होता. आता नागरिकत्वाचा अर्ज भरतोय. जेलच्या पानावर काहीच दिसत नाही, मग लिहायलाच हवं का?


वकीलबाई_ह्यूस्टन | सोमवार, सकाळी ९:४०

लिहायलाच हवं. खटला रद्द झालेला असो की रेकॉर्ड पुसलेलं, फॉर्म विचारतो ते सगळं. बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत. जेलचं पान आज आत कोण आहे यासाठी. जुन्याचं कोर्टाच्या क्लार्ककडे मिळतं. केस नंबर किंवा नाव आणि वर्ष सांगून 'सर्टिफाइड डिस्पोझिशन', म्हणजे खटल्याचं काय झालं त्याचा दाखला, मागा, शिक्का मारलेली प्रत लागते. पुढचं नव्या धाग्यात विचारा.


रंकाळ्यावरचा | सोमवार, रात्री ९:३०

अपडेट. रूममेटनं रोख रक्कम भरली, पावती नीट ठेवायला सांगितलंय. भाऊ सकाळी सहाच्या सुमारास बाहेर आला, त्यांच्या सकाळी. आत्याशी चार मिनिटं बोलला. ती फक्त "जेवलास का?" एवढंच विचारत होती, तीन वेळा.

गाडी टो करून नेलीय, तिचं रोजचं भाडं चढतंय. तो भामटा आज परत दोनदा आला, उचलला नाही. त्या हिरव्या पट्टीच्या साइटवर माझा नंबर काढून टाका असं लिहिलंय, बघू.

वकिलाची तीन नावं मिळालीत. पहिली तारीख अजून यायचीय.


डेंटनकर | सोमवार, रात्री ९:४४

बरं झालं. एक गोष्ट लगेच करा. जेलमधून निघताना त्याला एक पिवळा-पांढरा कागद मिळाला असेल, लायसन्स निलंबित करण्याची नोटीस. रंग काहीही असो, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सुनावणी मागितली नाही तर लायसन्स आपोआप निलंबित होतं, खटल्याची तारीख यायच्या आधीच. धोका नको म्हणून अटकेच्या तारखेपासूनच मोजा, वकील पहिल्या तारखेपर्यंत थांबू म्हणाला तरी थांबू नका.


रंकाळ्यावरचा | सोमवार, रात्री ९:५०

कागद आहे. रूममेटनं फोटो पाठवलाय. गुलाबी आहे.