प्रतिसाद: निरीक्षक आहेतच, मग नागरिकांचे गट कशाला?

वरच्या लेखात म्हटलंय की निवडणूक आयोगाचे निरीक्षक असताना मतदान-मोजणीवर लक्ष ठेवायला नागरिकांच्या गटांनी लुडबूड करू नये. मला हे पटत नाही. आयोगाचे निरीक्षक सरकारी अधिकारीच असतात, आणि एकेकाकडे शेकडो मतदान केंद्रं. प्रत्येक खोलीत ते बसणार कसे?

फिलिपिन्समध्ये १९८३ साली 'नामफ्रेल' हा निवडणुकीवर लक्ष ठेवणारा नागरिकांचा गट उभा राहिला. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत सरकारी मोजणीत सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस पुढे, तर नामफ्रेलच्या मोजणीत त्यांच्या विरोधातल्या कोराझोन अक्विनो. लोकांनी नामफ्रेलवर विश्वास ठेवला, हे जगाने पाहिलं.

आपल्याकडे त्याहून साधं साधन आहे: फॉर्म १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना (म्हणजे उमेदवारांनी केंद्रावर बसवलेल्या माणसांना) द्यावी लागते. मी तासगावजवळच्या एका केंद्रावर प्रतिनिधी होतो. बाकीचे प्रतिनिधी सहा वाजताच जेवायला गेले, प्रत मी एकट्यानेच घेतली. मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा त्या कागदाशी जुळला, तेव्हा आमचा उमेदवार हरूनही गावात कोणी शंका काढली नाही.

सांगली-साताऱ्यात गावोगावी असे कागद गोळा करणारी, कुठल्याच पक्षाची नसलेली पोरं हवीत. प्रत मात्र प्रतिनिधीलाच मिळते, त्यामुळे सगळ्याच पक्षांकडून ती मागून घ्यावी लागेल.