घरच्या संगणकाचा अँटीव्हायरस आणि फायरवॉल : संरक्षण बंद न करता काम कसे चालवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आम्ही नेरूळला राहतो. घरात एकच डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यावर तिघांचे काम चालते. मी घरूनच लहान व्यावसायिकांची जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रे भरते, दहावीतली मुलगी अभ्यासासाठी आणि प्रकल्पांच्या छपाईसाठी तो वापरते, आणि सासरे रोज सकाळी त्यावर वर्तमानपत्रे वाचतात व बँकेचे खाते पाहतात. माझ्या अकरा ग्राहकांची पॅन आणि आधारची कागदपत्रे, बँकेचे उतारे आणि सहा वर्षांचे हिशेब याच यंत्रात आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद सांभाळण्याची ही जबाबदारी असल्यामुळे प्रश्न जरा सविस्तर लिहीत आहे.

संगणक २०१७ साली घेतलेला असून त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे; मूळची हार्ड डिस्क बदलून नंतर एसएसडी बसवली. त्यावर विंडोज १० होम आहे. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागत असल्याने ती वाट बंद झाली. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली असून ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तोपर्यंत नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला काढत आहे.

आता अडचण सांगते. एका अँटीव्हायरसची वर्षभराची प्रत आधीपासून होती. मागच्या महिन्यात यंत्र संथ झाले म्हणून दुरुस्तीसाठी एका ओळखीच्या तंत्रज्ञांना बोलावले, तर त्यांनी पहिला न काढताच दुसरा, फायरवॉलसह (संगणकात ये-जा करणाऱ्या जोडण्यांवरच्या पहाऱ्यासह) येणारा अँटीव्हायरस संच त्यावर बसवून दिला. त्यानंतर संगणक सुरू होऊन हाताशी यायला सात-आठ मिनिटे लागू लागली. वायफायवरचा प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसू लागला आणि प्रिंटरवरचे बटण दाबून कागद थेट संगणकात स्कॅन होत असे, तेही थांबले. सर्वांत मोठी पंचाईत डिजिटल सहीची झाली. माझ्या ग्राहकांपैकी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि कंपन्यांना जीएसटीच्या विवरणपत्रावर डीएससीनेच (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रानेच) सही करावी लागते. त्या कंपनीचे संचालक विसाव्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तुर्भ्याहून ती सही साठवलेले यूएसबी टोकन घेऊन आले आणि दीड तास बसले, पण सही करणारा प्रोग्रॅम सापडत नसल्याचाच संदेश येत राहिला.

तंत्रज्ञांना फोन केला, तेव्हा त्यांनी दोन्हीकडची फायरवॉल पूर्ण बंद करायला सांगितले. ती बंद केल्यावर स्कॅनिंग सुरू झाले, सही मात्र झाली नाहीच. शेवटी दुसरा संच काही वेळापुरता बंद ठेवून सही उरकली. काम झाले, पण त्या रात्री झोप लागली नाही. टाळे उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवावे, अशातला हा उपाय आहे असे मला मनापासून वाटते. तेव्हापासून फायरवॉल बंदच आहे.

या भीतीला घरातलेच एक कारण आहे. माझे यजमान न्हावा शेवा बंदरावर मालाच्या क्लिअरिंगच्या कामात आहेत. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने जगभरातील यंत्रणा बंद पडल्या, तेव्हा तिथल्या एका टर्मिनलचेही काम ठप्प झाले होते आणि कंटेनरची कामे हाताने उरकताना झालेले त्यांचे हाल मला आठवतात. पुढे वाचले की तो हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून शिरला होता, आणि एका यंत्रातून दुसऱ्यात पसरताना त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या छिद्रासाठीची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झालेली होती. मी स्वतः दिवसभर हिशेबाचीच सॉफ्टवेअरे वापरते, त्यामुळे ही गोष्ट मनात घर करून राहिली आहे.

दुसरा प्रसंग ताजा आहे. सासऱ्यांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ असे चौकोन येऊ लागले. सासऱ्यांनी त्या चौकोनातल्या क्रमांकावर फोन केला आणि पलीकडचा माणूस पडदा दुरून पाहण्याचे ॲप बसवायला सांगत असतानाच मी आत आले आणि वायफाय बंद केले. पैसे गेले नाहीत. सासरे मात्र इतके धास्तावले की आठवडाभर संगणकाजवळ गेले नाहीत.

मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे, की विंडोजबरोबर येणारा डिफेंडर माझ्यासारख्या कामाला पुरेसा आहे, की पैसे भरून एखादा संच घ्यावा, आणि घेतल्यास तो कोणत्या निकषावर निवडावा. फायरवॉल चालू ठेवून स्कॅनर आणि डिजिटल सही यांच्यापुरतीच वाट कशी मोकळी करावी, हेही पायरीपायरीने सांगितल्यास उपकार होतील. मी संगणक शिकलेली नाही, पण सूचना नीट वाचून त्याप्रमाणे करू शकते.

प्रतिसाद : खाडीपलीकडे (ठाणे)

ताई, प्रश्न इतका व्यवस्थित मांडलात की उत्तर देणे सोपे झाले. आधी दोन्ही अँटीव्हायरस काढा. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल उघडताना ती अडवून तपासतात आणि एकमेकांच्याही आड येतात. तुमचे यंत्र संथ झाले ते बहुधा यामुळेच. नुसते ‘अनइन्स्टॉल’ केल्याने अवशेष राहतात, म्हणून त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचे काढून टाकण्याचे खास साधन वापरा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. दुसरा अँटीव्हायरस नाही असे दिसले की डिफेंडर आपोआप जागा होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे, की नीट मांडलेला डिफेंडर तुम्हाला पुरेल. आपल्याकडे पुण्याची क्विक हील, चेन्नईची के७, मुंबईची ईस्कॅन अशा जुन्या कंपन्या आहेत आणि मुलांसाठीचे नियंत्रण किंवा फोनवरची मदत हवी असेल तर पैसे भरण्यात काही चूक नाही. निवडताना जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांचे चाचणी अहवाल पाहा, आणि त्यात किती व्हायरस पकडले याबरोबरच निर्दोष फाइलींवर किती वेळा चुकीचा आळ घेतला तेही पाहा. हिशेबाच्या कामात तो आकडा फार महत्त्वाचा असतो.

डिफेंडरमध्ये टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रॅमला त्याची सेटिंग बदलू न देणारी सोय), क्लाउड संरक्षण (नव्या धोक्यांची माहिती इंटरनेटवरून लगेच घेणारी सोय) आणि नको असलेली ॲप अडवण्याची सोय चालू आहे ना, ते पाहा. त्याखेरीज ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करून हिशेबांचा फोल्डर त्यात घाला. मग अनोळखी प्रोग्रॅमला त्या फोल्डरमधील फाइली बदलता येत नाहीत. सुरुवातीला तुमचेच एखादे सॉफ्टवेअर अडेल, तेव्हा तेवढ्याला परवानगी द्या.

आता फायरवॉल. विंडोजची फायरवॉल मुळात तुमच्या यंत्राने न मागितलेली, बाहेरून आत येणारी जोडणी अडवते आणि तुमच्या यंत्रातून बाहेर जाणारी जाऊ देते. छपाईची आज्ञा तुमच्याकडून बाहेर जाते, म्हणून ती सहसा अडत नाही. प्रिंटर ‘ऑफलाइन’ होतो, कारण बहुतेकदा राउटर (वायफायची पेटी) त्याला दर वेळी वेगळा आयपी पत्ता (जाळ्यातला ओळख क्रमांक) देतो; राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा. बटण दाबून होणारे स्कॅनिंग मात्र बाहेरून आत येते. त्यासाठी घरच्या वायफायची वर्गवारी ‘प्रायव्हेट’ करा आणि परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत प्रिंटर कंपनीच्या स्कॅन प्रोग्रॅमसमोर फक्त ‘प्रायव्हेट’वर खूण करा, ‘पब्लिक’वर नको.

सहीचा प्रश्न फायरवॉलचा नव्हताच, म्हणून ती बंद करूनही सही झाली नाही. सही करणारा प्रोग्रॅम तुमच्याच यंत्रात १२७.०.०.१ या पत्त्यावर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी सुरक्षित जोडणी करू पाहतो. काही संच अशी प्रत्येक सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि पलीकडच्या प्रोग्रॅमच्या ओळखीच्या प्रमाणपत्राऐवजी आपले प्रमाणपत्र पुढे करतात. तिथे गाडी अडते. पुढे कधी संच घेतलात तर सुरक्षित संकेतस्थळे तपासण्याच्या सोयीतून तेवढा पत्ता वगळा, संपूर्ण संरक्षण बंद करू नका.

राउटर आहे म्हणून फायरवॉल नसली तरी चालेल, असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. आता अनेक जोडण्यांवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असते, त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि जुन्या आयपीव्ही४ वर मिळणारा पत्ते झाकण्याचा आडोसा तिथे नसतो. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) आणि बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद करा. घरातल्या तिघांनाही साधी खाती द्या. ॲडमिन खाते (यंत्रात बदल करण्याचे सगळे अधिकार असलेले) वेगळे ठेवा आणि त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे असू द्या. हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवा, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) तीही कुलूपबंद करते.

प्रतिसाद : पाम बीचचा वाटसरू

सासऱ्यांना दिसणारे ते चौकोन व्हायरसचे नसून ब्राउझरच्या सूचना असाव्यात. कुठल्या तरी पानावर ‘अलाऊ’ दाबले गेले असेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी संकेतस्थळे काढून टाका आणि नव्या विनंत्याही बंद करा. ते दुरून पाहण्याचे ॲप अर्धवट उतरले असेल तर काढा. पैसे गेले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, हा क्रमांक त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्यांचा काही दोष नाही, हेही त्यांना आवर्जून सांगा.

मूळ प्रश्नकर्ती :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारी बसून सगळे केले. दोन्ही संच काढले, फायरवॉल चालू केली, आणि यंत्र आता दीड मिनिटात हाताशी येते. प्रिंटरला पत्ता राखून दिला, स्कॅनिंगही चालते. काल संचालक पुन्हा आले होते आणि सही पहिल्याच प्रयत्नात झाली. अँटीव्हायरसच्या चाचणीसाठी आयकार या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, तीही उतरवून पाहिली आणि डिफेंडरने तत्काळ पकडली. सासऱ्यांच्या ब्राउझरमध्ये चौदा संकेतस्थळांना सूचनांची परवानगी दिलेली आढळली. ती काढताना त्यांना शेजारी बसवून दाखवले.

एकच शंका उरली आहे. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसने दोन प्रोग्रॅम अडवल्याची नोंद दिसते. पहिला माझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आहे, त्याला परवानगी दिली. दुसरा तात्पुरत्या फाइलींच्या ‘टेम्प’ फोल्डरमधून चालतो, त्याचे नाव म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे आहेत, आणि तो हिशेबाचे सॉफ्टवेअर अद्ययावत होत असतानाच दिसला. तो त्या अद्यतनाचाच भाग असू शकतो, पण खात्री होईपर्यंत मी त्याला परवानगी देणार नाही. त्याच्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही, हे न चालवता कसे तपासावे?