पीडित पक्षकार की नुसता साक्षीदार?

मलप्रभाकाठ (खानापूर):
सामूहिक हत्याकांडांच्या खटल्यांत पीडितांना पक्षकाराचा दर्जा हवा. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात पीडितांनी साक्ष दिली की त्यांचं काम संपलं. कंबोडियात ख्मेर रूजच्या (लाखोंचा बळी घेणाऱ्या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीच्या) नेत्यांवरच्या खटल्यांत मात्र ते दिवाणी पक्षकार होते. स्वतःचा वकील, साक्षीदारांना प्रश्न, भरपाईची मागणी, हे सगळं त्यांना मिळालं. आपल्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही 2016 पासून कलम 15अ आहे. जामीन असो, दोषमुक्ती असो की शिक्षा, पीडिताला वेळेत नोटीस आणि म्हणणं मांडायचा हक्क. हाच हक्क प्रत्येक हत्याकांडाच्या खटल्यात पाहिजे.

टिळकवाडीकर:
कंबोडियाचं उदाहरण घेताय, तर पूर्ण घ्या की. ख्मेर रूजचा तुरुंगप्रमुख ‘डच’ (खरं नाव कैंग गुएक इआव) याच्यावरच्या पहिल्या खटल्यात 90 पक्षकार आणि त्यांच्या वकिलांचे चार गट. एकाच साक्षीदाराला तेच प्रश्न पुनःपुन्हा, शेवटी न्यायालयाला वेळ बांधून द्यावी लागली. दुसऱ्या खटल्यात पक्षकार 3,800 हून जास्त. तिथे आरोपी सगळे म्हातारे. इएंग सारी 2013 मध्ये खटला चालू असतानाच मेला, नुऑन चिआ 2019 मध्ये अपिलाच्या निकालाआधी. शिवाय आरोपीसमोर सरकारी वकील असतोच, त्यात आणखी वकील उभे केले तर सामना बरोबरीचा राहत नाही. उद्या अपिलात बचाव पक्ष हाच मुद्दा काढणार.

मलप्रभाकाठ (खानापूर):
गर्दीवर उपाय निघाला होता. 2010 मध्ये नियम बदलून सगळ्या पक्षकारांचा एकच गट केला, त्याला दोन प्रमुख वकील, एक कंबोडियन, एक परदेशी. माझ्या मते मोठी चूक दुसरीच झाली. डचच्या निकालाच्या दिवशी 90 पैकी 24 जणांना कळलं की पीडित असल्याचा पुरावा अपुरा म्हणून आपला दर्जा गेला. खटलाभर बसलेल्या माणसांना हे शेवटच्या दिवशी सांगायचं? अपिलात 10 जण परत आले. छाननी सुनावणीच्या आधीच पुरी करायला हवी होती. आणि भरपाई? आरोपी कफल्लक, नियमात फक्त सामूहिक आणि नैतिक भरपाई, म्हणजे कुणाच्या हातात पैसे नाहीत. म्हणून निकालपत्रात पक्षकारांची नावं आणि डचच्या माफीच्या विधानांचं संकलन, एवढंच हाती आलं.

निपाणीकर:
दर्जाचं ठरवा, पण आधी भाषेचं बघा. आमच्या भागात पीडित मराठीत बोलतो, पोलीस जबाब कन्नडमध्ये लिहितात. त्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेत नाहीत, म्हणजे चूक तेव्हाच्या तेव्हा धरायची संधी गेली. मराठीत ‘काका’ एकच, कन्नडमध्ये वडिलांचा थोरला भाऊ ‘दोड्डप्पा’, धाकटा ‘चिक्कप्पा’. लिहिणाऱ्याने अंदाजाने एक निवडला की वर्षांनी उलटतपासणीत ‘तेव्हा दुसऱ्याचं नाव घेतलं होतं’ म्हणून साक्षीदार खोटा ठरतो. कोर्टातली साक्ष शक्यतो साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवावी, नाहीतर कोर्टाच्या भाषेत खरं भाषांतर करावं, असं कायदाच सांगतो. पीडिताच्या वकिलाने साक्षीच्या पहिल्याच दिवशी तशी मागणी नोंदवायची. जबाबाच्या वेळी व्हिडिओ आणि दुभाषा मागायचा. हे झालं नाही तर पक्षकार करूनही उपयोग शून्य.

टिळकवाडीकर:
हे पटलं. पण कर्नाटकातलं कंबालपल्ली गाव आठवा. 2000 मध्ये सात दलितांना जिवंत जाळलं, साक्षीदार उलटले, 2006 मध्ये आरोपी सुटले. तिथे दर्जापेक्षा संरक्षण हवं होतं. गावातच राहायचं, पाणी, दुकान, शेतमजुरी त्याच लोकांच्या हातात, मग कोण बोलेल?

मलप्रभाकाठ (खानापूर):
कलम 15अ मध्ये म्हणणं मांडायचा हक्क आणि संरक्षण दोन्ही आहे. साक्षीच्या काळात राहण्याचा, प्रवासाचा खर्च, गरज पडली तर दुसरीकडे वसवणं. तेही मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायला वकील लागतो. विधी सेवा कायदा 1987 च्या कलम 12 खाली जातीय अत्याचार, वांशिक हिंसा यांच्या पीडितांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, तोही जामिनाची पहिली तारीख लागायच्या आत.