मदत हवी आहे : पाटण तालुक्यातील जुन्या कौलारू घराचे छप्पर

आमचे घर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. दगड-मातीच्या भिंती, सागवानी वासे, त्यावर मंगलोरी कौले, आणि लांबी-रुंदी सुमारे 40 बाय 22 फूट. दर उन्हाळ्यात शाकारणी करूनही माकडे कौले फोडतात आणि पश्चिमेकडून झड आली की पाणी आत येते. गेल्या वर्षी कौलांखाली प्लास्टिकचा कागद घातला. पण त्याच्या खालच्या अंगाला दव साचून रिपा काळ्या पडल्या, आणि आढ्याजवळचे दोन वासे इतके कुजले आहेत की सळई टोचली तर बोटभर आत जाते. बाकीचे लाकूड ठणठणीत आहे.

स्लॅबचा विचार सोडला आहे, कारण या भिंतींना तो भार पेलणार नाही आणि 1967 च्या कोयना भूकंपाचा हा टापू आहे. नुसता पत्रा टाकला तर उन्हाळ्यात घर तापते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून आईचा त्याला ठाम विरोध आहे. कुजलेले वासे बदलून त्यांवर पत्रा आणि पत्र्यावर जुनीच कौले, असे एका सुताराने सुचवले आहे. काम मेअखेरपर्यंत उरकायचे आहे.

असे दुहेरी छप्पर ज्यांनी चार-पाच पावसाळे वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे : पत्रा आणि कौले यांच्यामध्ये हवेसाठी किती फट ठेवली, झडीचे पाणी स्क्रूच्या भोकांतून वाशांपर्यंत पोहोचते का, आणि माकडांचा उपद्रव त्याने थांबला का?