आईचा एच-इंडेक्स ९ : हा हिशोब बरोबर आहे का?

पामबीचवाला :
जाणकारांनी जरा मदत करावी. आई ट्रॉम्बेला न्यूक्लिअर फिजिक्समध्ये होती, २०१७ला रिटायर झाली, आता आमच्याकडे नेरूळला असते. दिवाळीत भाचा आला होता (कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करतोय). फराळाच्या ताटावरच त्याने गूगल स्कॉलरवर (गूगलचा शोधनिबंधांचा शोध) तिचं नाव टाकलं, मोजदाद केली आणि जाहीर केलं, "आजी, तुझा एच-इंडेक्स फक्त ९. आमच्या सरांचा ३४ आहे." आई म्हणाली, "चकली घे अजून." विषय संपला.

मला मात्र चैन पडेना. माळ्यावरून तिची ट्रंक काढली. आत रिप्रिंटचे (तिच्या लेखांच्या सुट्या छापील प्रतींचे) गठ्ठे आणि परदेशातून आलेली छापील पोस्टकार्डं : आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवावी. तेव्हा पीडीएफ कुठली! प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा गायब. तो मीच तिसरी-चौथीत कात्रीने कापला होता, तिकिटांसाठी. हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी.

तर ९ म्हणजे नेमकं किती? शिवाय त्या पानावर अडुळशाच्या औषधी गुणांवरचे दोन पेपर आहेत. आईने अडुळसा फक्त आम्हाला खोकल्यावर पाजलाय.

ठाण्याची ग्रंथपाल :
कॉलेजात दिवसभर हेच करते. ९ म्हणजे किमान नऊ-नऊ सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांत आलेले उल्लेख) मिळालेले नऊ पेपर. एखाद्याला दीडशे मिळाली असली तरी तो एकच धरायचा. ही युक्ती २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञानेच काढली. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत असोसिएट प्रोफेसरला १२ आणि प्रोफेसरला १८ असावा, असा त्याचा भौतिकीपुरता अंदाज होता. भाच्याच्या सरांचा विषयच वेगळा, त्यांच्याशी तुलना सोडा.

आता एक सांगा, आईंचं लग्न कधी झालं? हसू नका.

पामबीचवाला :
१९८२. अरे देवा. आधीचे पेपर माहेरच्या नावाने!

ठाण्याची ग्रंथपाल :
तेच तर. आपल्याकडे आडनावच नाही, मधलं नावसुद्धा बदलतं. मशीनला या दोन वेगळ्या बाया. आईंच्या नावाने खातं उघडा, दोन्ही नावं टाका, जुने पेपर जोडा, अडुळसा काढा. पण समजा एका नावाचा ९ आणि दुसऱ्याचा ६ निघाला, तर मिळून १५ होत नाहीत हं, सगळे पेपर एकत्र करून नव्याने मोजतात.

निवृत्त_न्यूट्रॉन :
मातोश्री मोजत काय होत्या?

पामबीचवाला :
थोरियम आणि न्यूट्रॉन, एवढंच कळतं. बीम टाइम (यंत्र वापरायची ठरलेली वेळ) मिळाला की कुलाब्याला पेलेट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, रात्रपाळी. त्या रात्री बाबांच्या हातची खिचडी.

निवृत्त_न्यूट्रॉन :
मग ९ ला घाबरू नका. लिथियमच्या पातळ पत्र्यावर प्रोटॉन मारायचे, निघालेल्या न्यूट्रॉनमध्ये थोरियमचा नमुना ठेवायचा, मग तो उचलून गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरसमोर, आणि तासन्‌तास काउंटिंग. एवढ्या खटाटोपातून ग्राफवर दोन-तीन ठिपके. ते ठिपके एक्सफॉरमध्ये जातात, म्हणजे आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) देखरेखीखालच्या, अशा मोजमापांच्या डेटाबेसमध्ये. त्यांवरून दुसरे लोक एंडीएफसारख्या, पारखलेल्या आकड्यांच्या तयार फायली बनवतात. रिअॅक्टरचं गणित करणारा नाव देतो फायलीचं, ठिपकेवालीचं नाही. उलट २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर घ्या. लेखक ५१५४, आणि प्रत्येकाच्या खात्यात तो अख्खा जमा!

एक्सफॉर फुकट आहे. दोन्ही नावांनी शोधा.

चहाबिस्किट :
भाभा स्कॅटरिंग (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर) म्हणताना भाभांचा १९३६ चा पेपर आता कोण उद्धृत करतं? नाव शब्दातच गेलं की सायटेशन बंद. (आमचं नाव फक्त वीजबिलावर.)

पामबीचवाला :
अपडेट. रविवारी आईला शेजारी बसवून सगळं जुळवलं. एच-इंडेक्स ११ झाला. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने अंगठा दाखवला.

एक्सफॉरमध्ये चार नोंदी निघाल्या, एक माहेरच्या नावाची. आईने चष्मा पुसला, आकड्यांचा रकाना बोट लावून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "हा तिसरा पॉइंट वर गेलाय. मी तेव्हाही म्हटलं होतं, परत घेऊया. बीम टाइम संपला होता."

तिकिटांचा अल्बम बहिणीकडे ऐरोलीला आहे. मागवलाय.