हजेरी भरते, पण मन लागत नाही: नेतृत्वपद्धतीचा परिणाम किती?

प्रश्न – पर्यवेक्षक, शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर

मी एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंग (वाळूचे साचे करण्याच्या) विभागाचे काम पाहतो. वर्षापूर्वी आलेले विभागप्रमुख अभ्यासू आहेत. परंतु प्रत्येक निर्णय स्वतः घेतात आणि चूक झाली की चारचौघांत सुनावतात. गेल्या महिन्यात एका जुन्या मोल्डरने वाळू मुठीत दाबली, गोळा मोडून पाहिला, ती जास्त ओली असल्याचे ओळखले आणि तरीही तो मुकाट्याने साचे भरत राहिला. त्या कास्टिंगमध्ये (ओतीव मालात) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ भोके, निघाले. विचारल्यावर म्हणाला, "साहेब, काम थांबवलं असतं तर बोलणी मलाच बसली असती." असमाधानाचे मूळ पगारात आहे, असे व्यवस्थापन म्हणते. ते खरे मानावे का?

उत्तर – व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक, राजारामपुरी

पगाराचा प्रश्न खोटा नाही, पण तो या प्रसंगाचे उत्तर नव्हे. मायर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: आपुलकीतून येणारी, नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीच्या विचारातून येणारी आणि कर्तव्यभावनेतून येणारी. घराचे हप्ते चालू असलेला माणूस दुसऱ्या प्रकारामुळे रोज कामावर येतो, म्हणून हजेरीवरून आपुलकी मोजता येत नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन व सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेले नेतृत्वपद्धतींवरचे प्रयोग दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवरचे असल्याने ते कारखान्याला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही हुकमी नेत्याच्या हाताखालचे गट त्याची पाठ फिरताच ढिले पडत आणि चर्चेने चालणारे गट काम पुढे नेत, हे निरीक्षण आपल्या मोल्डरच्या गप्प बसण्याशी जुळते.

उत्तर – लघुउद्योजक, उद्यमनगर

सरांचे म्हणणे मान्य, पण एक बाजू राहिली. सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे वितळलेले लोखंड ओतताना चर्चा होऊ शकत नाही. तेथे एकाचाच शब्द चालला पाहिजे, नाहीतर माणूस भाजतो. कडकपणा वाईट नसतो, अपमान वाईट असतो. मी स्वतः एका कसबी टर्नरला (लेथ चालवणाऱ्या कारागिराला) सर्वांसमोर बोललो आणि महिन्याभरात तो सोडून गेला. त्याच्या हाताची सफाई मला पुन्हा मिळाली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागण्याची आणि गरज पडल्यास लाइन थांबवण्याची मुभा साध्या कामगारालाही असते. आपल्याकडे निदान वाळूपुरती ती द्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. विभागप्रमुखांशी मी एकांतात बोलणार आहे. महिनाभर वाळूबाबत काम थांबवण्याचा अधिकार मोल्डरांना द्यावा, किती वेळा थांबवले आणि किती माल नाकारला गेला याची नोंद पाळीनिहाय ठेवावी, एवढीच विनंती मी करीन. पहिली नोंद त्याच जुन्या मोल्डरच्या हातून व्हावी, अशी माझी इच्छा आहे.